खालचे दात पुन्हा वाकडे झाले म्हणजे ब्रेसेस पहिल्यापासून, असं नाही

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले, कारण माझ्या खालच्या दातांचं अगदी हेच झालं होतं. तुमची लेक सतरा वर्षांची, चार उपदाढा काढून दोन वर्षं ब्रेसेस, त्या उतरवून चौदा महिने झाले. खालचा पारदर्शक रिटेनर (ब्रेसेसनंतर दात जागेवर धरून ठेवणारा प्लास्टिकचा साचा, म्हणजे ट्रे) पाचव्या महिन्यात तडकला तेव्हा दवाखान्याने "आता गरज नाही" म्हणून सांगितलं, आणि आता खालची डावी पटाशी फिरून शेजारच्या दातावर चढली आहे. नवीन डॉक्टर म्हणतात पुन्हा पूर्ण ब्रेसेस लावा आणि दोन्ही अक्कलदाढा काढा. आधीच सांगते, मी दंतवैद्य नाही. डेंटल लॅबमध्ये रिटेनर आणि प्लेट्स बनवते. तोंड न बघता निदान करता येत नाही, तेव्हा हे डॉक्टरांना काय विचारायचं एवढ्यासाठीच वाचा.

"आता गरज नाही" हे वाक्य मला फार खटकतं. दात सरकवून जागेवर आणला तरी त्याच्याभोवतीचे तंतू त्याला जुन्या जागेकडे ओढत असतात. मुळाला हाडाशी बांधणारे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागेशी जुळतात, हिरडीतले कोलॅजनचे तंतू चार ते सहा महिने घेतात. पण दाताच्या मानेभोवती, हाडाच्या कडेच्या वर जे लवचिक तंतू असतात ते वर्षभरानंतरही ताणलेले राहू शकतात. गोल फिरलेला दात सरळ केला असेल तर त्याला परत फिरवणारी ओढ मुख्यतः त्यांचीच. (अशा दातासाठी ब्रेसेस उतरवण्याच्या सुमारास हिरडीतले हे तंतू कापायची एक छोटी प्रक्रिया असते, पण ती सुचवणारे डॉक्टर कमी.) म्हणजे पाचव्या महिन्यात रिटेनर बंद करणं हे ओढ चालू असताना आधार काढण्यासारखं आहे. शिवाय ज्यांनी कधी ब्रेसेस लावलेच नाहीत त्यांचेही खालचे पुढचे दात वयानुसार दाटत जातात. म्हणून माझं ठाम मत: पहिले सहा महिने जेवण आणि ब्रश सोडून पूर्ण वेळ, नंतर रोज रात्री, आणि दात सरळ हवेत तोवर रात्र चुकवायची नाही. काही डॉक्टर पारदर्शक रिटेनर सुरुवातीपासून फक्त रात्री देतात, त्यालाही अभ्यासांचा आधार आहे. पण बंद करायची तारीख कोणी देत असेल तर मला पटत नाही.

माझ्या बाबतीत सगळ्यात महाग पडलं ते माझ्या दवाखान्याचं रेकॉर्ड. ब्रेसेस उतरवलेल्या दिवसाचे दातांचे मॉडेल मागितले तर "जागा नव्हती, टाकून दिले" असं उत्तर मिळालं. स्कॅन केलेला नव्हता, फाईलमध्ये फोटोही नव्हते. याचा अर्थ लॅबच्या बाजूने समजून घ्या. रिटेनर हा ज्या मापावर बनतो तीच स्थिती टिकवतो. सरळ दातांचं मॉडेल हाताशी असेल तर दात जरासे सरकले असतानाही त्यावर नवीन ट्रे बनतो आणि सुरुवातीला घट्ट बसून किरकोळ सरक मागे आणू शकतो. मॉडेल नसेल तर आजच्या वाकड्या दातांचं माप घ्यावं लागतं, आणि तो रिटेनर वाकडेपणाच सांभाळत बसतो. तेव्हा आजच जुन्या दवाखान्यात लेखी अर्ज द्या आणि शेवटचे मॉडेल किंवा स्कॅनची एसटीएल फाईल (दातांचं थ्रीडी मॉडेल), ओपीजी (दोन्ही जबडे दिसणारा एक्स-रे), डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे म्हणजे सेफॅलोग्राम आणि फोटो मागा. ज्यांच्या घरात अजून ब्रेसेस चालू आहेत त्यांनी उतरवायच्या दिवशीच ही फाईल पेनड्राइव्हवर घ्यावी. पॅकेजच्या पैशात रिटेनर धरलाय का, तुटला तर दुसरा कितीला, हेही पहिल्या हप्त्याआधी कागदावर घ्यावं.

जुना तडकलेला ट्रे मात्र दाबून बसवू नका. ट्रे दातांच्या कडेपर्यंत पूर्ण बसत असेल, फक्त आवळल्यासारखं वाटत असेल आणि ते एक-दोन दिवसांत ओसरत असेल तर गोष्ट वेगळी. पण एखाद्या दातावर तो अधांतरी राहत असेल किंवा एक बाजू दाबली की दुसरी उचलली जात असेल, तर चावून बसवल्याने ट्रे फाटेल आणि नको त्या दातावर जोर येईल.

आता पूर्ण ब्रेसेसचं. नवीन डॉक्टरांना आधी एक माप विचारा. खालच्या सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत पाच ठिकाणी दात एकमेकांना टेकायला हवेत. त्या प्रत्येक ठिकाणी ते किती मिलिमीटरने हुकलेत याची बेरीज करतात, 1975 पासून ही पद्धत वापरात आहे. बेरीज तीनच्या आत असेल तर दाटी किरकोळ मानतात, आणि तेवढ्यासाठी पूर्ण ब्रेसेस हा एकच मार्ग नसतो. एक पर्याय स्प्रिंग रिटेनर. त्यासाठी आम्ही प्लास्टरच्या मॉडेलवरून पुढचे दात करवतीने वेगळे कापतो, मेणात सरळ बसवतो आणि त्या सरळ रांगेवर 0.7 मिमीच्या तारेचा सांगाडा आणि पुढे-मागे ॲक्रिलिकची पट्टी बनवतो. तोंडात बसवल्यावर ती दाताला रांगेकडे ढकलत राहते. दुसरा पर्याय अलाइनरचे, म्हणजे टप्प्याटप्प्याने दात सरकवणाऱ्या पारदर्शक साच्यांचे, मोजके ट्रे. एका ट्रेमध्ये दात साधारण 0.25 मिमी सरकवतात, त्यावरून दीड-दोन मिलिमीटरसाठी किती ट्रे लागतील याचा अंदाज येतो. पण दिवसाचे 20 ते 22 तास घालणं जमणार असेल तरच. तिसरा, फक्त सहा दातांवर ब्रॅकेट (ब्रेसेसची चिकटवायची बटणं) लावून 0.014 इंचाची निटिनॉल वायर, म्हणजे लवचिक तार. फिरलेल्या दातासाठी मला हा सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण दात फिरवणं ट्रेला जड जातं.

तिन्हीत जागा लागतेच, आणि ती बहुतेक वेळा दातांच्या कडा किंचित घासून करतात. दोन दातांमध्ये मिळून जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक कडेला पाव. खालच्या पटाशींचं इनॅमल पातळ असतं, म्हणून मी तर त्याहून कमीच घासा म्हणेन. घासताना जाडीची पट्टी घालून मोजतात का ते बघा आणि नंतर फ्लोराइड लावायला सांगा.

पूर्ण ब्रेसेस योग्य ठरतील अशा दोन गोष्टी आहेत. काढलेल्या उपदाढांच्या जागी फट पुन्हा उघडली असेल, किंवा चावा खोल होऊन वरचे दात खालच्यांना मागे रेटत असतील, तर फक्त पुढचे दात सरळ करून ते टिकणार नाहीत. डॉक्टर यातलं काही दाखवत असतील तर त्यांचं ऐका.

अक्कलदाढा "पुढे ढकलतात" म्हणून काढू नका. 1998 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रेसेस संपलेल्या काही मुलांच्या अक्कलदाढा काढल्या आणि काहींच्या ठेवल्या, आणि पुढच्या दाटीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. वारंवार सूज, कीड, शेजारच्या दाढेला इजा, गाठ अशी कारणं असतील तर तो वेगळा विषय.

दात सरळ झाल्यावर या वेळी खालच्या दातांना आतून चिकटवलेली पक्की तार घ्या, आणि वरून रात्रीचा ट्रेही. ही तार गोफासारखी पिळलेली, साधारण 0.0175 ते 0.0215 इंच जाडीची असते आणि सहाही दातांच्या पाठीला कंपोझिटच्या (दाताच्या रंगाच्या सिमेंटच्या) ठिपक्याने चिकटते. ती चिकटवताना अजिबात ताणलेली किंवा दाबून बसवलेली नसावी. तिच्यात जोर राहिला तर तार शाबूत असतानाही एक सुळा बाहेर आणि दुसरा आत झुकायला लागतो. असं दिसलं तर डागडुजी नको, तार काढूनच टाकायची. दुसरा दगा म्हणजे एकाच दाताचा ठिपका सुटणं. बाकीच्या पाच दातांवर तार घट्ट असते, जिभेला काही लागत नाही, आणि तो एकटा दात हळूहळू फिरतो. माझा असाच गेला, आणि दर तपासणीला "तार आहे ना जागेवर" एवढंच बघितलं जात होतं. म्हणून महिन्यातून एकदा छोटा आरसा आणि मोबाईलचा टॉर्च घ्या, प्रत्येक ठिपक्याच्या कडेला टूथपिकने हलकं टोचा, आणि तार त्या दातापासून जराही उचलली जाते का बघा. सफाईसाठी ताठ टोकाचा सुपरफ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) तारेखालून घाला, नाहीतर तिथे कीटण साचून हिरडी सुजते.

ऑनलाइन मिळणारे "गॅप बँड", म्हणजे फट बुजवायला दातांभोवती घालायची रबरं, लेकीच्या हातात पडू देऊ नका. दात मुळाकडे निमुळता असतो, त्यामुळे रबर सरकत हिरडीखाली जातं, दिसेनासं होतं आणि हाड खात बसतं. चांगला दात गमवायची वेळ येते. आणि ट्रे गरम पाण्यात धुवायचा नाही, वाकतो. गार पाणी, मऊ ब्रश आणि साधा लिक्विड साबण पुरतो. लग्नात जेवताना टिश्यूत गुंडाळून ठेवला की तो ताटाबरोबर जातोच, म्हणून डबी पर्समध्ये ठेवायला लावा.

दुसरं मत हवं असेल आणि खर्चाची ओढाताण असेल तर मुंबईत नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे ऑर्थोचा (दात सरळ करण्याच्या शाखेचा) पदव्युत्तर विभाग आहे. सकाळी लवकर केसपेपर काढा आणि जुनी फाईल बरोबर न्या. तिथलं एमडीएस (दंतवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण) तीन वर्षांचं असल्याने मधेच विद्यार्थी डॉक्टर बदलू शकतो. ब्रेसेस उतरल्यानंतर रिटेनर कोण तपासणार हे तेवढं केसपेपरवर लिहून घ्या.