बिल वेळेवर भरूनही क्रेडिट स्कोअर का घसरतो?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षापूर्वी पहिलं क्रेडिट कार्ड घेतलं, लिमिट 50 हजारांचं आहे, महिन्याचा 42 ते 45 हजारांचा खर्च त्यावरूनच होतो आणि बिल एकदाही चुकलेलं नाही. तरीही स्कोअर वाढायचं सोडून खाली आलाय, आणि वर्ष-दीड वर्षात घरासाठी कर्ज काढायचं आहे.

तुमची मुख्य सवय चांगली आहे, ती अजिबात मोडू नका. मला अडचण दिसते ती तारखेची.

कार्डाला दोन तारखा असतात. एक स्टेटमेंट तयार होण्याची आणि दुसरी पैसे भरायची शेवटची. आपलं सगळं लक्ष या दुसऱ्या तारखेकडे असतं, कारण दंड तिथे लागतो. पण बँक क्रेडिट ब्युरोला, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांच्या नोंदी ठेवून स्कोअर काढणाऱ्या कंपनीला, जी बाकी कळवते, ती बहुतेक वेळा स्टेटमेंटच्या दिवसाची असते. तुमचं स्टेटमेंट 44 हजारांचं निघालं की नोंद झाली: 50 पैकी 44 हजार वापरले, म्हणजे 88 टक्के. नंतर तुम्ही शेवटच्या तारखेआधी पै न पै भरता, पण तोवर आकडा पुढे गेलेला असतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ब्युरोला तुमचं चित्र दिसतं ते असं की या माणसाचं कार्ड कायम काठोकाठ भरलेलं असतं. तुम्ही दर महिन्याला ते रिकामं करता, हे त्या एका आकड्यात कुठेच दिसत नाही.

याला इतकं वजन का, ते सांगतो. अमेरिकेतला फायको स्कोअर 1989 पासून वापरात आहे आणि त्यात कशाला किती वाटा आहे हे त्या कंपनीने उघड सांगितलंय: परतफेडीचा इतिहास 35 टक्के, डोक्यावर किती बाकी आहे ते 30 टक्के, खाती किती जुनी आहेत ते 15 टक्के, नवीन कर्जांचे अर्ज 10 टक्के आणि कर्जाचे प्रकार 10 टक्के. फायको 300 ते 850 मध्ये मोजतात, आपल्याकडचा सिबिल स्कोअर 300 ते 900 मध्ये, सूत्रंही सारखी नाहीत. पण वेळेवर परतफेड आणि लिमिटचा वापर या दोन गोष्टींना सगळीकडेच भरपूर महत्त्व असतं. पहिल्या बाबतीत तुम्ही चोख आहात, दुसऱ्या बाबतीत दर महिन्याला मार खाताय.

उपाय सोपा आहे. स्टेटमेंटच्या तारखेआधी तीन-चार दिवस 35 हजार भरून टाका. बिल थांबून भरलंच पाहिजे असा काही नियम नाही, मधल्या मधे कितीही वेळा भरता येतं. मग स्टेटमेंट नऊ-दहा हजारांचं निघेल, वापर 20 टक्क्यांच्या आत राहील, आणि उरलेली रक्कम नेहमीसारखी शेवटच्या तारखेआधी भरा. 30 टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळे सांगतात. तो अंदाजाचा आकडा आहे, 31 झाले म्हणून काही कोसळत नाही. जितका कमी तितकं बरं, एवढंच.

यात दिलासा देणारी गोष्ट अशी की स्कोअर काढायच्या जुन्या धर्तीच्या बऱ्याच मॉडेल्सना, म्हणजे सूत्रांना, आधीच्या महिन्यांतल्या वापराची स्मृती नसते. चुकलेला हप्ता वर्षानुवर्षं नोंदीत राहतो, पण 88 टक्क्यांचे 20 टक्के झाले की पुढच्या एक-दोन नोंदींतच फरक दिसू लागतो. फायको 10टी किंवा व्हँटेजस्कोअर 4.0 सारखी नवी मॉडेल्स मागच्या दोन वर्षांचा कलही बघतात, म्हणून कर्जाच्या आदल्या महिन्यापर्यंत न थांबता आत्ताच सुरुवात करा.

लिमिट वाढवून मागायला हरकत नाही. लिमिट एक लाख झालं तर 44 हजारांचा तोच खर्च 44 टक्क्यांवर येतो. फक्त विचारून घ्या की त्यासाठी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे ब्युरोकडचा तुमच्या कर्ज-कार्डांच्या नोंदींचा उतारा, नव्याने तपासणार का. आणि लिमिटसोबत खर्च वाढणार असेल, तर मात्र राहू द्या.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी सल्ला दिलाय की थोडी बाकी मुद्दाम पुढे ओढा, त्याने स्कोअर वाढतो. कृपा करून असं करू नका. बाकी ओढल्याने स्कोअर वाढत नाही, फक्त व्याज जातं. बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. किमान भरलं तर हप्ता चुकला अशी नोंद होत नाही, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक चाललंय. समजा एक लाख बाकी आहे, व्याज महिन्याला 3 टक्के आणि किमान देय 5 टक्के. पहिल्या महिन्यात व्याज धरून बाकी होते 1,03,000. तुम्ही 5,150 भरता, उरतात 97,850. म्हणजे पाच हजारांहून जास्त भरून कर्ज हललं जेमतेम दोन हजारांनी. नवीन काहीही न घेता वर्षभर असंच चालवलं तर तुम्ही साधारण 55 हजार भरलेले असता आणि बाकी असते 77 हजार. शिवाय बाकी ओढली की बिनव्याजी मुदत सहसा बंद होते, नव्या खरेदीवर घेतल्या दिवसापासून व्याज चढतं. आणि एवढं सोसूनही वापराचा आकडा चढाच राहतो, म्हणजे स्कोअरही सुधारत नाही. कार्डावरून रोख काढली तर बिनव्याजी मुदत नसतेच, वर शुल्क वेगळं.

ऑटोडेबिट (बिल खात्यातून आपोआप भरलं जाण्याची सोय) लावलं असेल तर आजच उघडून बघा की ते एकूण रकमेवर लावलंय की किमान रकमेवर. मी स्वतः तीन जणांच्या फोनवर हे तपासलंय आणि तिघांचंही किमानवर होतं. त्यातल्या एकालाच ते माहीत होतं.

माझ्याबाबतीत काय झालं तेही सांगतो. माझ्याकडे एक जुनं कार्ड होतं, वापर शून्य. त्याचं वार्षिक शुल्क लागलं, बिल निघालं, पण माझा मोबाइल नंबर बदललेला आणि बँकेत जुनाच होता. एकही मेसेज मिळाला नाही. क्षुल्लक रक्कम होती, तिच्यावर दंड आणि व्याज चढत गेलं, आणि चार महिन्यांनी रिपोर्ट काढला तेव्हा त्या ओळीत थकबाकीचे दिवस मांडलेले दिसले. पैसे त्याच संध्याकाळी भरले, पण नोंद राहिली. रक्कम लहान होती याची तिथे कोणी गय करत नाही. तेव्हापासून पडून असलेल्या कार्डावरही मी दोन-तीन महिन्यांतून एखादं छोटं बिल भरतो आणि स्टेटमेंट उघडून बघतो.

तरीही जुनं कार्ड सहसा बंद करू नका, असंच म्हणेन. बंद केलं की त्याचं लिमिट एकूण लिमिटमधून वजा होतं आणि वापराची टक्केवारी आपोआप वर जाते. शुल्क जड होत असेल तर बिनशुल्क प्रकारात बदलून मिळतं का ते विचारा.

नवीन कार्डांचे अर्ज आता थांबवा. प्रत्येक अर्जामागे बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि तशी नोंद होते. दोन महिन्यांत चार-पाच अशा नोंदी दिसल्या की कर्ज देणाऱ्याला वाटतं माणूस पैशासाठी धावपळ करतोय. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला तर स्कोअर कमी होत नाही, ती भीती मनातून काढून टाका. उलट तो बघाच, आणि आकड्यापेक्षा आतल्या ओळी वाचा: लिमिट बरोबर लिहिलंय का, तुमचं नसलेलं एखादं खातं आहे का, फिटलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का. चूक सापडली तर ब्युरोकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा.

तुमच्यापुढे प्रश्न आलेला नाही, पण कधी बिल झेपेनासं झालं आणि कोणी 'सेटलमेंट करा, अर्ध्यात मिटवतो' म्हणालं, तर सही करण्याआधी खूप विचार करा. पूर्ण फेडलेलं खातं आणि तडजोडीत मिटवलेलं खातं रिपोर्टवर वेगळं दिसतं, आणि गृहकर्ज देणारे ती ओळ नेमकी शोधतात. त्याऐवजी बाकी हप्त्यांत वळवून घेणं किंवा कमी व्याजाचं कर्ज काढून कार्ड पूर्ण फेडणं कितीतरी बरं.

या महिन्याचं स्टेटमेंट कोणत्या तारखेला निघतं ते ॲपमध्ये बघा आणि त्याच्या चार दिवस आधीचा गजर लावा. दोन स्टेटमेंट झाल्यावर आकडा किती झाला ते इथेच कळवा. तरीही हलला नसेल तर रिपोर्टमधल्या नोंदी, खातेक्रमांक झाकून, लिहून पाठवा, मी बघेन.