सुखाचे आणि भीतीचे केंद्र मेंदूत वेगवेगळे असते का?

प्रश्न : मागच्या संक्रांतीला होम मैदानावरच्या गड्डा यात्रेत माझ्या सहा वर्षांच्या मुलाचा हात सुटला आणि तो गर्दीत दिसेनासा झाला. दहा मिनिटांनी तो स्टीलच्या डब्यांच्या दुकानापुढे, हातात पिपाणी धरून उभा असलेला सापडला. त्याच दिवशी आम्ही नंदीध्वजांची मिरवणूक डोळे भरून पाहिली होती. पण ती आता पुसट झाली आहे आणि ती दहा मिनिटे मात्र जशीच्या तशी आठवतात. असे का व्हावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, यात तुमच्या स्वभावाचा काहीही दोष नाही, हे आधी सांगतो.

1954 मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली, तेव्हा ठरावीक जागी विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून ते उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबत राहिले. तेव्हापासून 'सुखकेंद्र' हा शब्द रूढ झाला आणि पुढे बदामाच्या आकाराचा अमिग्डाला हा भाग 'भीतीचे केंद्र' म्हणून ओळखला जाऊ लागला. ही वाटणी सोपी असली तरी खरी नाही. मेंदूच्या प्रतिमांवर आधारलेल्या 397 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ सुखद किंवा केवळ दुःखद भावनांसाठी राखीव असलेला भाग असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. अमिग्डाला, इन्सुला आणि कपाळामागचा भाग दोन्ही प्रसंगी कामाला लागतात.

फरक असतो तो जोडणीत. 2015 मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, अमिग्डालात शेजारीशेजारी मिसळून असलेल्या पेशींपैकी काहींचे तंतू बक्षिसाशी संबंधित भागाकडे जातात, तर काहींचे भीतीची प्रतिक्रिया घडवणाऱ्या भागाकडे. गोड पदार्थ मिळतो हे उंदीर शिकला की पहिल्या पेशींकडे येणारे जोड बळकट होत, आणि झटका बसतो हे शिकला की दुसऱ्या पेशींकडचे. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण जागा एकच असूनही वाटा निराळ्या कशा, हे त्यातून उलगडते.

आता आठवणीविषयी. मूल दिसेना, त्या क्षणी तुमच्या शरीरात ॲड्रेनलिन आणि मेंदूत नॉरॲड्रेनलिन वाढले, आणि त्याच्या जोरावर अमिग्डालाने स्मृती साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला तो प्रसंग घट्ट धरायला लावले. मिरवणुकीचा आनंद तासन्‌तास पसरलेला आणि शांत होता, म्हणून त्याचा ठसा तितका खोल उमटला नाही. मात्र तीव्र आनंदही असाच कोरला जातो. झोप उडत असेल किंवा गर्दीत जाणेच नकोसे झाले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा.

तुमच्या पत्रातले सर्वांत बारकाईचे वर्णन स्टीलच्या डब्यांच्या दुकानाचे आणि त्या पिपाणीचे आहे. तो क्षण मूल हरवल्याचा नव्हे, ते सापडल्याचा आहे.