घाटात व्हॅन तापली तर

आपण इंदूरहून ओंकारेश्वरला प्रथमच व्हॅनने निघत आहात, म्हणून अनुभवाने सांगतो. परतताना वाटेतल्या भेरूघाटाच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला, तर एसी लगेच बंद करावा, गाडी सुरक्षितपणे कडेला घ्यावी आणि इंजिन पूर्ण निवल्याशिवाय रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये, कारण दाबाखालचे उकळते पाणी थेट तोंडावर उडते. आमच्या रेडिएटरचा होज पाइप (पाण्याची रबरी नळी) टोकाशी फाटला, तेव्हा एका अनोळखी ट्रकचालकाने तेवढेच टोक सुरीने कापले, पाइप पुन्हा बसवून क्लिप आवळली आणि स्वतःच्या कॅनमधले पाणी ओतले. पैसे त्यांनी घेतले नाहीत. आईने दिलेल्या दोन दशम्या मात्र आनंदाने घेतल्या. पाच लिटर पाणी, जादा क्लिपा आणि स्क्रूड्रायव्हर सीटखाली ठेवावेत. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आल्यास १०३३ वर फोन करावा.