आकडा वाढला तर घाबरू नकोस

बाय,

सागरी पोलीस ठाण्यात तुझी पहिली नेमणूक झाली, वाचून बरं वाटलं. सोबत तू विचारलंस, "काका, इतक्या योजना, इतके कायदे येतात, त्यानं गुन्हे खरंच कमी होतात का?" हो म्हटलं तर मी खोटा ठरेन, आणि नाही म्हटलं तर माझी एकतीस वर्षं फुकट.

आधी कागदाचं सांगतो. दरवर्षी गुन्ह्यांचे आकडे निघतात ते नोंदलेल्या गुन्ह्यांचे. मी नवखा होतो तेव्हा एका ठाण्यात होडीचं मशीन चोरीला गेलं तरी डायरीत 'गहाळ' लिहायची पद्धत होती. वर्षाच्या शेवटी चोऱ्या घटलेल्या, साहेब खूश. ज्याचं मशीन गेलं तो पुन्हा ठाण्याची पायरी चढला नाही. 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तक्रारीतून दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट तपासायचा, गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवायलाच हवा. 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दुसऱ्या हद्दीतली तक्रारही घ्यावी लागते. हे नीट पाळलंस तर पहिल्या वर्षी तुझ्या ठाण्याचा आकडा वाढेल. वाढू दे. वरून विचारणा होईल, तेव्हा शांतपणे रजिस्टर पुढे ठेव.

आता शिक्षेचं. चोर कलम वाचत नाही, गस्त किती वाजता परत जाते ते बघतो. गणपती झाले, चाकरमानी मुंबईला गेले की वाड्याच्या वाड्या कुलूपबंद. आमची गस्त बरोबर एक वाजता वडाखालच्या पुस्तकात सही करून माघारी. हे आम्हाला सोडून सगळ्यांना ठाऊक! वेळा बदलल्या, पोलीस पाटलाकडून बंद घरांची यादी घेतली, आणि त्या वाडीतल्या घरफोड्या थांबल्या. मात्र त्याच हंगामात खाडीपलीकडच्या हद्दीत दोन घरं फुटली, हेही सांगायला हवं. गुन्हा घटला की नुसता सरकला, हे बघायची सवय आम्हाला कुणी लावली नव्हती.

किनाऱ्याची गोष्ट याहून मोठी. 1993 च्या सुरुवातीला रायगडात शेखाडीला स्फोटकं उतरली. तेव्हा काय कायदा नव्हता? कस्टम होतं, पोलीस होते, नाके होते. पैसे घेऊन वाट मोकळी केली गेली आणि 12 मार्चला मुंबईत 257 माणसं गेली. पुढे त्याच खटल्यात काही पोलीस आणि कस्टमवालेही दोषी ठरले. 2008 ला मारेकरी पुन्हा समुद्रातूनच आले. त्यानंतर मात्र बरंच झालं: होड्यांची नोंदणी, खलाशांना ओळखपत्रं, सागरी ठाण्यांना गस्तीनौका, समुद्रावर संशयास्पद दिसलं तर कळवायला 1093 हा नंबर, किनारी सुरक्षेची 'सागर कवच' कवायत. यातलं बरंचसं उपयोगाचं आहे. पण मी अशी नौकाही पाहिली आहे, जी डिझेलच्या मंजुरीची वाट बघत अख्खा हंगाम जेट्टीला बांधलेली होती. कागदावर ती रोज गस्तीलाच!

2022 च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरजवळ एक बेवारस नौका लागली, आत एके-47 रायफली. चौकशीत घातपात निघाला नाही, पण ती पहिल्यांदा दिसली ती तिथल्या लोकांना. समुद्रावर रोजची नजर फक्त त्यांचीच असते. तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, परकी होडी तिच्या चालीवरून ओळखता येते.

मग तो तुला फोन का करील? इथंच सगळी मेख आहे. राज्यानं 2016 मध्ये पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर निर्बंध आणले, 2017 मध्ये केंद्रानं एलईडीच्या उजेडातली मासेमारी बंद केली. आता ड्रोनही फिरतात. तरी रात्री किनाऱ्यावरून ते दिवे दिसले आणि कुणी हललं नाही, तर किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणवाला म्हणतो, आमचं राखायचं नाही, मग आम्ही तुमचं का राखायचं? ते मासेमारीचं खातं वेगळं, ती हद्द वेगळी, हे तू त्याला समजावशीलही. त्याच्या लेखी सरकार एकच. ज्याचं मशीन 'गहाळ' झालं होतं तोही त्याच जेट्टीवर बसलेला असतो.

तंटामुक्तीचंही विचारलं होतंस. गावातले तंटे गावातल्या समितीनं मिटवायची ती मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. गडग्याचे, पायवाटेचे, सामाईक आंब्याचे वाद तिनं खरोखर मिटवले. कोकणात डोकी फुटतात ती बहुतेक अशाच कारणानं, म्हणून मी तिला मानतो. पण तंटामुक्त गावाला मिळणाऱ्या बक्षिसापायी एका गावात मार खाल्लेल्या सुनेची तक्रार 'घरगुती तंटा' म्हणून समितीपुढे बसवलेली मी पाहिली. तसं काही आलं तर समिती नको, सरळ जबाब घे.

रुजू झालीस की पहिल्या रात्री अदखलपात्र, म्हणजे किरकोळ तक्रारींचं, रजिस्टर मागून घे आणि मागची दोन वर्षं वाच. एकाच घराचं, एकाच वाडीचं नाव पुन्हा पुन्हा दिसेल. मग पहाटे होड्या लागायच्या वेळी जेट्टीवर जा, गाडी लांब ठेव. पहिले पाच-सहा दिवस कुणी बोलणार नाही. म्हावऱ्याचा भाव विचार. फुकट मात्र एक बांगडासुद्धा घेऊ नकोस, दुपारपर्यंत गावभर होतं.

पावसाआधी एकदा घरी येऊन जा. काकूनं आंबोशी घातली आहे.

तुझा,
काका