ठेव बँकेत ठेव, भार अंबाबाईवर टाक

भावा, भजनी मंडळात नवीन आहेस म्हणून मोकळेपणानं सांगतो. देवावर विसंबायचं म्हणजे बचत बंद करायची का, असं तू विचारलंस. मुळीच नाही. विमा काढ, ठेव ठेव. पण बँकेतल्या ठेवीलाही 2020 पासून 5 लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण आहे. जिवाचा सगळा भार त्यावर टाकू नकोस.

2019 चा आपल्या कोल्हापूरचा महापूर आठव. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि पाणी गेलं 55 फुटांच्या वर. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. दूध, पेट्रोल मिळेना. खिसा भरलेला माणूसही रांगेत ताटकळत होता. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या एक आजी गुडघाभर पाण्यातून आल्या, शाळेच्या खोलीत सतरंजीवर बसल्या आणि रोजच्यासारखी जपमाळ ओढू लागल्या. पाणी उतरल्यावर शेजाऱ्याच्या घरचा चिखल काढायला त्याच पुढं. ही ताकद पूर आल्यावर कमावता येत नाही, म्हणून आजच नामाला बस.

नवस बोलून अंबाबाईशी सौदा मात्र करू नकोस. किरणोत्सवात, म्हणजे मावळतीची किरणं देवळात मूर्तीपर्यंत येतात त्या दिवसांत बघ, कधी ढग आडवे येतात, किरणं मूर्तीपर्यंत पोचत नाहीत. म्हणून कुणी रुसून जातं का? हात जोडतात, दुसऱ्या दिवशी परत येतात.

पगार झाला की आधी थोडं अन्नछत्राला दे. सुरुवातीला हात आखडेल, तरी दे. आणि शुक्रवारी भजनाला ये, टाळ मी देतो.