तात्पुरती यादी निघाली की गप्प बसू नकोस

सरळसेवेने, म्हणजे बढतीने नव्हे तर थेट भरतीने, नुकताच रुजू झाला आहेस, म्हणून कळकळीने सांगतो. सेवेत कोण कोणाच्या वर हे ठरवणारी तात्पुरती ज्येष्ठता यादी निघाली की तीत तुझ्या वर असलेल्या पदोन्नत अधिकाऱ्यांचे बढतीचे मूळ आदेश मिळव. बढती नियमित होती की तदर्थ, म्हणजे तात्पुरती सोय म्हणून दिलेली, ते तिथेच कळतं. महाराष्ट्रातल्या अभियंत्यांच्या खटल्यात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं: नियमाने नेमणूक असेल तर ज्येष्ठता नेमणुकीपासून, कायम केल्याच्या तारखेपासून नव्हे, नियमाबाहेरची तात्पुरती सोय मात्र धरायची नाही. पद रिक्त झालं त्या वर्षाची ज्येष्ठता सेवानियमात नसेल तर मागू नकोस. मणिपूर पोलीस सेवेच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या निकालाने ती वाट अडवली आहे. हरकत मुदतीतच, लेखी दे. पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख घे. मी तोंडी सांगून थांबलो, तेवढ्यात यादी अंतिम झाली.