ब्राझील शिकायचंय, मग गोव्याला जाऊ का?

प्रश्न : मी टी.वाय.बी.ए.ला आहे. घरची द्राक्षबाग आहे. फुटबॉलमुळे ब्राझीलचं वेड लागलं आणि मोबाइलवर थोडंफार पोर्तुगीज शिकलो. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजमध्ये एम.ए. करायचं मनात आहे. वडील विचारतात, ‘त्यानं पोट भरेल का?’ मामा म्हणतात, त्यापेक्षा स्पॅनिश घे. काय करू?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत (जि. नाशिक)

उत्तर : गोव्याला जरूर जा, पण तिथे तुला आधी भेटेल तो पोर्तुगाल. गोवा १९६१ पर्यंत त्यांच्याकडे होता आणि आजही तिथल्या पोर्तुगीज शिक्षणाला पोर्तुगाल सरकारच्या कामोइंश संस्थेचं पाठबळ आहे. तुझं वेड ब्राझीलचं. तो देश वीस कोटींहून जास्त लोकांचा, पोर्तुगाल जेमतेम एक कोटीचा. लिहायला दोन्हीकडची भाषा बरीच सारखी, कानाला मात्र वेगळी. लिस्बनचा माणूस स्वर गिळतो, ब्राझीलचा मोकळे सोडतो आणि बहुतेक भागांत ‘दिआ’चं (म्हणजे दिवस) ‘जिआ’ करतो. तेव्हा कान आत्तापासून ब्राझीलच्या रेडिओला आणि बातम्यांना लाव.

मी नाशिकला गंगापूर रोडवर घरी बसून पोर्तुगीजची भाषांतरं करते. माझा दिवस संध्याकाळी साडेपाचला सुरू होतो, ब्राझीलमध्ये साओ पावलोत तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. कॉलवर कविता कुणी म्हणत नाही. बेअरिंगचा साइज, चुकलेलं इनव्हॉइस, कस्टम्समध्ये अडकलेला कंटेनर, हीच भाषा चालते. म्हणून वडिलांचा प्रश्न रास्त आहे. नुसत्या एम.ए.वर फारसं काही हाती लागत नाही. जोडीला एक्स्पोर्टची कागदपत्रं, अकाउंट्स किंवा शेती, काहीतरी पक्कं हवं.

शेती तर तुझ्या घरातच आहे! ब्राझीलच्या ईशान्येला, दुष्काळी पट्ट्यात, साओ फ्रान्सिस्को नदीच्या पाण्यावर पेट्रोलिना भागात द्राक्षं पिकतात आणि वर्षातून दोनदाही माल निघतो. तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेचं, एम्ब्रापाचं, एक केंद्र पेट्रोलिनातच आहे. छाटणी, रोग, पाणी यांवरच्या त्यांच्या पुस्तिका पोर्तुगीजमध्ये फुकट मिळतात. त्यातली दोन पानं मराठीत करून वडिलांना वाचून दाखव. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत नको, जरा सवड बघून.

आता संस्कृतीचं. फुटबॉल आणि सांबावर थांबायचं असेल तर विद्यापीठाची फी भरूच नकोस. मी तुला साल्वादोरला नेईन. १५४९ ते १७६३ ही ब्राझीलची राजधानी आणि आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचं मोठं बंदर. गुलामगिरी कायद्यानं संपली ती थेट १८८८ मध्ये. याच शहरात १९४९ साली, गांधीजींच्या हत्येच्या पुढच्याच वर्षी, गोदीतल्या कामगारांनी ‘फिल्यूस जी गांधी’, म्हणजे गांधींची मुलं, नावाचं कार्निव्हलचं पथक काढलं. ते आजही निघतं. अंगात पांढरा पायघोळ झगा, डोक्याला पांढऱ्या टॉवेलचा फेटा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा. ताल मात्र कांदोंब्लेचा, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या देवतांच्या उपासनेतला. गोदीतल्या हमालांना गांधी का आपले वाटले, हे नीट शोधायचं तर कामगार संघटना, वंश, धर्म, पोलिसांची दडपशाही असं सगळं वाचावं लागतं. एम.ए.च्या प्रबंधाला याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही.

ब्राझील सरकारची भाषेची परीक्षा आहे सेल्पी-ब्रास. व्याकरणाचे सुटे प्रश्न त्यात नाहीत. लेखी भागात एक व्हिडिओ बघून, एक ध्वनिफीत ऐकून आणि दोन मजकूर वाचून लिहायचं. तोंडीला वीसेक मिनिटं गप्पा, त्यातल्या बऱ्याचशा समोर ठेवलेल्या चित्रांवरून. गुणांप्रमाणे पातळी मिळते. भारतात केंद्र कुठे आहे ते आधी बघ.

मामांना सांग, पोर्तुगीज पक्कं झालं की स्पॅनिश वाचायला फार दिवस लागत नाहीत. आधी दोन्ही एकदम शिकायला घेऊ नकोस, खिचडी होते.

फॉर्म भरण्यापूर्वी एकदा जाऊन ये. नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेस थेट मडगावला जाते. ताळगाव पठारावर विद्यापीठाच्या पोर्तुगीज विभागात जाऊन विचार : ब्राझीलच्या साहित्य-इतिहासाचे पेपर किती, प्रबंधाला ब्राझीलचा विषय घेऊ देतात का आणि प्रवेशाच्या वेळी पोर्तुगीज किती यायला लागतं. मोबाइलवरचं ‘थोडंफार’ तिथे चालतं का, तेही कळेल.